एलडीचं प्रमाणपत्र: अडतं ते शाळेच्या ऑफिसात

एलडीच्या, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातल्या अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचं नाव काढलं की लोक सरकारी रुग्णालयाच्या रांगेची भीती घालतात. रांग असते, पण नंबर लागतो. आमचं घोडं अडलं ते शाळेच्या अहवालापाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच.

केसपेपर निघाला की शाळेचं पत्र मागतात. आमच्या शाळेने दिलं दोन ओळींचं: ‘सदर विद्यार्थी अभ्यासात कच्चा असून वर्गात लक्ष देत नाही. पालकांच्या विनंतीवरून पत्र देण्यात येत आहे.’ एवढ्यावर तपासणी पुढे सरकत नाही. मूल शिकवूनही मागे पडतंय, की त्याला धड शिकायलाच मिळालं नाही, हे तपासणाऱ्यांना आधी कळायला हवं असतं. त्यामुळे त्रास कोणत्या इयत्तेपासून दिसतोय, वाचनात, लेखनात की गणितात, तोंडी आणि लेखी उत्तरांत किती तफावत आहे, हजेरी किती, शाळेने जादा काय शिकवलं आणि त्याचा कितपत उपयोग झाला, हे सगळं अहवालात लागतं. खाली वर्गशिक्षकांची सही, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का, वर जावक क्रमांक. आमचा जावक क्रमांक राहिला आणि पत्र तसंच परत आलं.

त्यात मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं, असं लिहून दिलं तर शाळेचं नाव खराब होतं. हा त्रास शिकवण्यातला दोष नाही; 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत त्याचा समावेश आहे, हे त्यांना शांतपणे सांगायला लागतं. शांतपणे सांगणं मला जमलं असं नाही. तोंडी विनंतीला ‘उद्या या’ हेच उत्तर मिळतं. लेखी अर्ज देऊन पोच मागितली की ऑफिस हलतं. त्याहून सोपं म्हणजे अहवालाचे मुद्दे स्वतः टाइप करून वर्गशिक्षकांच्या हाती द्यावेत. त्यांना मूल माहीत असतं, फक्त कोऱ्या कागदापुढे काय लिहावं ते सुचत नाही.

वह्या नेताना फेअर वही नेऊ नका. ती फळ्यावरून उतरवलेली असते, तिच्यात काहीच दिसत नाही. शुद्धलेखनाची आणि चाचणीची वही न्या, चुका न खोडता. ‘घर’चं ‘धर’, गायब वेलांट्या, फोडून लिहिलेली जोडाक्षरं, ऐकून लिहिलेल्या ‘पंचवीस’चे 52. मराठीत पाच आधी ऐकू येतो, म्हणून सुरुवातीला बरीच मुलं असं लिहितात. चौथीतही तेच चालू असेल तर ते दाखवायलाच हवं.

बाकीचे टप्पे सरळ. डोळे आणि कान आधी तपासतात, कारण फळा दिसत नसेल तर प्रश्नच वेगळा. मग बुद्ध्यांक, तो ठरलेल्या पातळीच्या वर असेल तर निमहान्स बॅटरीसारख्या (बंगळुरूच्या निमहान्स संस्थेचा चाचणीसंच) वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. हे एका बैठकीत उरकेलच असं नाही. मुलाला भरपेट खाऊ घालून, चष्मा असेल तर लावून न्या. सर्दी-ताप असेल तर तारीख बदलून घ्या. आणि घरी सराव करून घेऊ नका, निकाल चुकीचा येतो. खासगी समुपदेशकाचा रिपोर्ट सोबत ठेवा, पण प्रमाणपत्र त्यावर मिळत नाही.

2018 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र वयाच्या 8 व्या वर्षापासून मिळायचं, पुन्हा तपासणी 14 आणि 18 व्या वर्षी असायची; 2024 मध्ये सूचना बदलल्या, म्हणून सध्याचा नियम रुग्णालयात विचारून घ्या. काही पालक नववी संपेपर्यंत थांबतात आणि मग दहावीच्या सवलतींसाठी धावतात. सवलत म्हणजे तासामागे 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक वगैरे. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. म्हणजे परत तेच ऑफिस.

हे आधी सांगायला हवं होतं: प्रमाणपत्र म्हणजे उपचार नव्हे. रेमेडियल शिकवणी, म्हणजे अशा मुलांसाठीची खास पद्धतीची शिकवणी, तपासणीची तारीख मिळायची वाट न पाहता सुरू करा. शिकवणाऱ्या विशेष शिक्षकाची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का ते विचारा. विचारलं म्हणून चांगला शिक्षक रागावत नाही. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, आणि दर काही महिन्यांनी काय सुधारलं ते लेखी मागा. हाच कागद पुढच्या तपासणीत उपयोगी पडतो.

आधार कार्डावरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः सारखं आहे का ते यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज भरण्याआधी बघा. आणि मूळ प्रमाणपत्र शाळेत जमा करू नका. साक्षांकित प्रत द्या, पोच घ्या.