निवाडा हाती आल्यानंतरची वाट

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका नगरपरिषदेत पंपचालक होतो. संघटनेचा चिटणीस या नात्याने थकीत महागाई भत्त्याची मागणी लावून धरल्यावर काही महिन्यांतच मला बडतर्फ करण्यात आले. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ खाली वाद कामगार न्यायालयात गेला आणि सेवासातत्यासह पुनर्स्थापना (सेवेत खंड न धरता पुन्हा कामावर घेणे) व बडतर्फीच्या काळातील निम्मे मागील वेतन असा निवाडा माझ्या बाजूने लागला.

प्रसिद्धीपासून तीस दिवसांनी निवाडा कलम १७-एनुसार अंमलात आला, त्याच दिवशी मी रुजू होण्याचा अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. मला कामावर घेतले नाही. मात्र आवक लिपिकाने माझ्या प्रतीवर शिक्का व तारीख टाकून दिली. ‘कर्मचारी स्वतःच आला नाही’ हा नगरपरिषदेचा बचाव पुढे त्या शिक्क्यामुळेच टिकला नाही.

नगरपरिषदेने मुंबईत उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. अशी याचिका प्रलंबित असेतोवर कलम १७-बीनुसार कामगाराला बडतर्फीपूर्वी घेतलेले अखेरचे वेतन मिळत असे, परंतु आपण अन्यत्र नोकरीत नाही असे प्रतिज्ञापत्र त्यासाठी द्यावे लागे. आंब्याच्या हंगामात मी शेजाऱ्यांच्या बागेत पेट्या भरल्या होत्या. ते लपवू नका, असे वकीलबाईंनी बजावले, म्हणून मिळालेल्या मजुरीसह सारे लिहून दिले. ती मजुरी पुरेशी कमाई ठरली नाही आणि दरमहा वेतन सुरू झाले. घरातला किराणा तेव्हा उधारीवर चालला होता.

याचिका फेटाळली गेल्यावर मी रुजू झालो, पण मागील वेतन मिळेना. कलम ३३-सी (१) खालील थेट वसुली ठरलेल्या रकमेची होत असे. निवाड्यात आकडा नव्हता आणि वेतनवाढी धरायच्या की नाही यावर वाद होता. म्हणून ३३-सी (२) खाली रक्कम निश्चित करून घ्यावी लागली. जुन्या वेतनचिठ्ठ्या आईने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या; त्यांवरून मूळ वेतन, भत्ता आणि वेतनवाढ यांचा महिनावार तक्ता मी स्वतः तयार केला. निवाड्यातच रकमेचा आकडा मागायला हवा होता, असे मला आज ठामपणे वाटते.

त्यानंतर वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, कारण अशी रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. तहसील कार्यालयाची नोटीस निघाल्यावर नगरपरिषदेने दोन हप्त्यांत पैसे भरले. भविष्य निर्वाह निधीच्या फरकाचा माझा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.