पितळी तांब्या आणि खिडकीतला उजेड

पितळी तांब्याचा फोटो बिघडतो तो उजेड कमी पडला म्हणून नाही. घासून लखलखीत केलेला तांब्या म्हणजे फुगीर आरसा. त्याच्या पोटात खिडकीचे गज, छत, भिंतीवरचं कॅलेंडर, मोबाइल धरलेला हात असं सगळं दिसतं. म्हणून तांब्यावर उजेड पाडण्याआधी तांब्याला समोर काय दिसतंय ते आवरायचं.

खिडकी थेट ऊन न येणारी घ्या. उत्तरेची सगळ्यात भरवशाची. मात्र मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही उत्तरेकडे झुकलेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत येतं. तेव्हा जुनं पांढरं धोतर दुहेरी करून टांगा. ते गजांना चिकटवू नका, नाहीतर गजांच्या काळ्या रेघा कापडावर उमटतात आणि तिथून तांब्यावर. खिडकीपासून फूटभर आत दोरी बांधून त्यावर सोडलं की रेघा विरघळतात. रंगीत पडदा नकोच, त्याचा रंग पितळेत उतरतो. ट्यूबलाइट बंद करा. दोन उजेडांचे रंग वेगळे असतात; एकाला रंग जुळवला की दुसरी बाजू हिरवट किंवा निळसर दिसते.

तांब्या खिडकीपासून दोनेक फुटांवर, उजेड बाजूने येईल असा ठेवा. दुसऱ्या बाजूला पांढरी कार्डशीट उभी केली की सावलीतला भाग उघडतो. पण खरी किमया काळ्या कागदाची. मागची भिंत फिकी असेल तर तांब्याची कड तिच्यात विरून जाते. चार बोटं रुंदीची काळी पट्टी फ्रेमच्या जरा बाहेर, कडेशी उभी धरा. ती पितळेत बारीक गडद रेघ होऊन दिसते आणि गळ्याचा बाक, पोटाची गोलाई स्पष्ट होते. पट्टी इंचभर सरकवली तरी रेघ जाड-बारीक होते, म्हणून इथे घाई करू नका.

चिंच-मिठाने घासल्यावर तांब्या लगेच सुती फडक्याने कोरडा करा, थेंब वाळले की डाग राहतात. त्यानंतर फडक्यानेच उचला, बोटांचे ठसे फोटोत डोळ्यांपेक्षा जास्त दिसतात.

कॅमेरा लांब ठेवून झूम करा म्हणजे त्याचं प्रतिबिंब लहान होतं. गडद कपडे घाला. ट्रायपॉड, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/8 आणि 2 सेकंदांचा टायमर. शटरचा वेग 1/8 सेकंदापर्यंत खाली गेला तरी चालतं. मोबाइलवर सगळ्यात चकाकणाऱ्या जागेवर बोट दाबून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक करा आणि थोडं खाली ओढा. पांढरी जळालेली चकाकी नंतर परत येत नाही. फ्रेमभर पिवळं दिसलं की ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी सोय, पितळ राखाडी करून टाकतो, तेव्हा तांब्याच्या जागी पांढरा कागद धरून रंग ठरवून घ्या. लेन्सवर लावायचा, चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर धातूची चकाकी घालवत नाही. त्यावर पैसे घालू नका.

मठारलेला तांब्या असेल तर मात्र धोतर काढा. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला स्वतःचा ठिपका हवा असतो, आणि मऊ उजेडात ते सगळे ठिपके पुसले जातात. खिडकीचं एक दार लोटून उभी अरुंद फट ठेवा आणि तांब्या हळूहळू फिरवत बघा.