गणपतीला गावी याच, पण आधी १८३ दिवस मोजा

कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, आलं की रत्नागिरी-कुडाळकडच्या घरांत बेत ठरलेला असतो: जूनमध्ये जाऊन बिऱ्हाड लावायचं आणि गणपतीला गावी यायचं. चाकरमानी मुंबईचा असो की टोरोंटोचा, चतुर्थीला तो घरी हवाच. पण टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत जाणाऱ्याचं सरकारी आरोग्य कवच, म्हणजे ओहिप, नेमकं याच बेतात अडकू शकतं.

ओहिपची गणितं दोन आहेत आणि बहुतेकांना एकच ठाऊक असतं. नेहमीचा नियम असा, की कुठल्याही १२ महिन्यांत १५३ दिवस प्रांतात प्रत्यक्ष हजर हवं. म्हणजे २१२ दिवस बाहेर चालतात. नव्याने गेलेल्याला मात्र त्याआधीची अट लागते: राहायला लागल्यापासूनच्या पहिल्या १८३ दिवसांतले १५३ तिथेच काढायचे. रजा उरते फक्त ३० दिवसांची.

कॅलेंडर समोर घ्या. २० जूनला उतरलात तर १८३ वा दिवस १९ डिसेंबरला येतो. २०२६ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. १ सप्टेंबरला निघून अनंत चतुर्दशी झाल्यावर २७ला परत पोचलात तर बसतं. पण घरचे म्हणणार, "आलायस तर दिवाळी करूनच जा." १२ नोव्हेंबरपर्यंत थांबलात की ७२ दिवस बाहेर गेले आणि हातात उरले १११. पात्रता इथेच जाते. बरोबर ३० दिवसांचं तिकीटही काढू नका, आठवडाभर हात राखून ठेवा. बोर्डिंग पास जपा, तारखा दाखवायची वेळ आली तर तेच कामाला येतात.

काहीजण पीआरची नोंद करून आठवड्यात परततात आणि इथली नोकरी, नोटीस पिरियड उरकून मगच जातात. त्यांनी पहिल्या फेरीत हेल्थ कार्डाचा, म्हणजे ओहिपच्या कार्डाचा, अर्ज करूच नये. बिऱ्हाड हलवाल तेव्हा करा. पीआर टिकवायचा नियम, ५ वर्षांत ७३० दिवस, हा निराळा विषय आहे. तो पाळला म्हणून ओहिप टिकत नाही.

"कवच सुरू व्हायला तीन महिने थांबावं लागतं" हा नातेवाइकांचा सल्ला ऑन्टारियोपुरता जुना झाला. ती प्रतीक्षा मार्च २०२० मध्ये काढली. ब्रिटिश कोलंबिया या दुसऱ्या प्रांतात मात्र ती आहे: पोचलात तो महिना संपेपर्यंत, आणि वर दोन महिने. ३० जूनला उतरलात तर १ सप्टेंबरपासून कवच, १ जुलैला उतरलात तर १ ऑक्टोबरपासून. तिकिटाच्या एका दिवसाने महिना वाचतो. मधल्या काळासाठी खाजगी विमा निघायच्या आधीच घ्या, कारण पोचल्यावर घेतलेल्या बऱ्याच पॉलिसी पहिले काही दिवस आजारपणाचा खर्च देत नाहीत.

ओहिपचा अर्ज सर्व्हिस ऑन्टारियो या सरकारी सेवा केंद्राच्या काउंटरवर स्वतः जाऊन करायचा असतो. तीन मूळ कागद लागतात: पीआरचा, पत्त्याचा आणि ओळखीचा. एकच कागद दोन ठिकाणी चालत नाही. पीआरची नोंद झालेला कागद आणि पासपोर्ट यांनी दोन कामं होतात, अडतं ते पत्त्यावर. चुलत भावाकडे उतरलेल्याच्या नावावर ना भाडेकरार असतो, ना वीजबिल. म्हणून पहिल्याच आठवड्यात बँक खातं उघडा, पत्ता भावाच्या घरचा द्या आणि मासिक स्टेटमेंट टपालाने मागवा. फोनवर दिसणाऱ्या स्टेटमेंटच्या भरवशावर राहू नका. खातं उघडताना नाव पासपोर्टवर आहे तसंच घालायला सांगा. आपल्याकडे मधलं नाव कुठे पूर्ण असतं, कुठे नुसतं अक्षर, कुठे गायब.

वर्क परमिटवाल्याला ओहिपसाठी ऑन्टारियोतल्या मालकाकडे किमान सहा महिन्यांचं पूर्णवेळ काम हवं. बाहेरून गेलेल्या विद्यार्थ्याला ओहिप नाही. सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे लांब मुक्कामाला येणाऱ्या पालकांच्या व्हिसावर, गेलेल्या आईवडिलांनाही नाही, त्यांना वर्षभराचा किमान १ लाख डॉलरचा खाजगी विमा लागतो.

ज्यांचे आईवडील पीआर घेऊन तिथे स्थिरावले आहेत त्यांच्यासाठी वर्षाचे २१२ दिवस बघा. १४ सप्टेंबरला गावी आले आणि शिमगा करून मार्चअखेर परतले तर बसतं. हापूससाठी १५ एप्रिलपर्यंत थांबले तर २१३ होतात. शिवाय गावी असताना अचानक आजारी पडून ॲडमिट व्हावं लागलं, तर ओहिप दिवसाला २०० डॉलरपर्यंत देतं, आयसीयूसारख्या वरच्या दर्जाच्या उपचाराला ४०० पर्यंत. तेही बिल आधी स्वतः भरून मग मागायचं. म्हणून डिस्चार्जच्या वेळी सविस्तर बिल आणि पावत्या इंग्रजीत, शिक्क्यासह मागून घ्या.