वाळवण

रविवारी सकाळी नऊला न्हाले. जेवणं झाली, ओटा आवरला, जरा आडवं व्हावं म्हणून तीनच्या सुमारास आंबाडा सोडला, तर मानेपाशी बोटांना ओल लागली. बाहेर मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं, डोक्यावर पंखा पाचावर फिरत होता आणि सहा तासांपूर्वी धुतलेले केस नुकतेच नळाखालून काढल्यासारखे. वर त्यांना एक वासही होता. पावसाळ्यात गादीखाली राहिलेल्या सतरंजीला येतो तसला.

मी अकोल्याची. लग्न होऊन ठाण्यात आले त्याला सतरा वर्षं झाली, घोडबंदर रोडवरच दोन घरं बदलून झाली, पण केस वाळण्याच्या बाबतीत मी अजून माहेरीच आहे. अकोल्याला उन्हाळ्यात केस वाळवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. न्हाऊन तडक गच्चीवर जायचं, केस पुढे घेऊन पंच्याने चार फटके द्यायचे आणि आईने पसरलेल्या कुरडया, मुगाच्या वड्या, सरगुंडे यांच्यामधून चवड्यांवर चालत जिन्यापर्यंत यायचं. वाळवण तुडवलं जाऊ नये म्हणून चवड्यांवर, आणि गच्ची भाजायची म्हणूनही. जिना उतरेपर्यंत केस मोकळे, हलके, खडखडीत. तिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी कोणी पेपरातून मान वर काढत नाही. ओठ वाळतात, घसा वाळतो, माठाखालची वाळू दिवसातून दोनदा भिजवावी लागते. पण जे ओलं आहे ते वाळतं, एवढा एक भरवसा असतो.

ठाण्यात तो भरवसा नाही. सकाळी बाल्कनीत टाकलेला टॉवेल संध्याकाळीही हाताला गार लागतो. मिठाला पाणी सुटतं. बिस्किटाचा पुडा फोडला की दुसऱ्या दिवशी बिस्किटं चहात न बुडवताच मऊ. सुरुवातीला शेजारणी म्हणायच्या, "तुमच्या विदर्भात काय भयंकर ऊन असतं नाही? इथे तुम्हाला बरं वाटत असेल." नवी सून म्हणून मी मान डोलवायचे. आता नाही डोलवत. छत्तीस अंशांत इथे जे हाल होतात ते चव्वेचाळीसमध्ये अकोल्याला होत नाहीत. हवामान खात्यालाही हे मान्य असावं. मैदानी भागात पारा ४० गाठेपर्यंत ते उष्णतेच्या लाटेचं नाव काढत नाहीत. किनारपट्टीला मात्र ३७ वरच ती सोय आहे, सरासरीच्या साडेचार अंश वर गेलं की झालं. तीन अंशांची ही सवलत घामाची आहे, दुसरं काही नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात मी फोनवर बाबांपाशी रडगाणं गायलं. बाबा कमी बोलतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि आठ दिवसांत अकोल्याहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत एक कूलर चढवून दिला. पत्र्याचा, तीन बाजूंना खसचे पडदे, खाली पाण्याची टाकी, आत हा एवढा मोठा पंखा. पहाटे पाचला माजिवड्याला आम्ही तो उतरवून घेतला तेव्हा टेम्पोवाला आधी कूलरकडे आणि मग आमच्याकडे असं पाहत होता, जणू आम्ही तिसऱ्या मजल्यावर म्हैस बांधायला चाललोय.

पहिली रात्र स्वर्ग होती, साधारण बारापर्यंत. खसचा तो ओला, मातकट वास आला आणि मला रडूच फुटलं. एकच्या सुमारास चादर दमट झाली. दोनला उशी. सकाळी उठलो तर भिंतीवरचं कॅलेंडर गोळा होऊन वर आलेलं आणि सासूबाईंचा मिरगुंडांचा डबा, झाकण नीट लागलेलं नसल्याने, गिळगिळीत. बाबांना फोन केला. "काहून वं, खिडकीत नाही लावला काय? बाहेरची हवा पाहिजे त्याले." खिडकीत लावला. मग बाहेरून अख्खी खाडी आत आली.

बाबांचं चुकलं नव्हतं. कूलरला कोरडी हवा लागते. अकोल्याची दुपारची हवा तहानलेली असते, पडद्यावरचं पाणी ती घटाघटा पिते, आणि पाण्याची वाफ होताना ते भोवतीची उष्णता घेऊन जातं. म्हणून झोत गार. ठाण्याची हवा म्हणजे बाहेरून जेवून आलेला पाहुणा. कितीही आग्रह करा, एखादा घास घेईल आणि ताट सरकवेल.

घामाचंही हेच. घाम येतो म्हणून अंग गार होत नाही, तो वाळतो म्हणून होतं. एक लिटर घाम अंगावर पुरता वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता काढून नेतो. तोच एक लिटर टपटप गळून फरशीवर पडला तर काही नेत नाही, उलट फरशी पुसावी लागते. आपण इथे दिवसभर हे दुसऱ्या प्रकारचं घामाघूम होत असतो. मीठ-पाणी जातं ते जातंच, गारवा मात्र पदरात पडत नाही. म्हणून घरात पन्ह्याचा गर, कोकमाचं आगळ आणि चिमूटभर मीठ घातलेलं लिंबूपाणी यांची ये-जा चालू असते. सब्जा मला आवडत नाही. बेडकाच्या अंड्यांसारखा दिसतो, पुढे बोलायला नको.

हे सगळं मला कळलं ते माठामुळे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या नौपाड्यातल्या. दर गुढीपाडव्याच्या आसपास त्या जांभळी नाक्याला जातात, वीसेक माठांना टिचक्या मारतात आणि एक पसंत करतात. तळाशी वाळ्याची जुडी, वर पितळी ओगराळं. एप्रिल बरा जातो. मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर हवा जड झाली की माठाचं पाणी गार होईनासं होतं. आईंच्या मते माठाची छिद्रं बुजलेली असतात, म्हणून त्या काथ्याने तो बाहेरून घासघास घासतात. तेही खरंच, क्षार बसून छिद्रं बुजतात. पण मी त्या दिवशी माठाकडे पाहत उभी राहिले. घासलेला, स्वच्छ, बाहेरून नखशिखांत ओला. पाणी झिरपत होतं, वाळत नव्हतं. बिचाऱ्याला घाम फुटला होता आणि तो तसाच उभा होता, माझ्यासारखा. वाळा घातला तरी वाळेना.

समुद्रावरचा वारा वेळेवर सुटला तर दिवस निभून जातो. सकाळी जमिनीकडून पूर्वेचा वारा वाहत असतो आणि तो समुद्राच्या वाऱ्याला दारातच अडवून धरतो. अकरा-बाराला समुद्राची सरशी झाली तर ठीक, दोन वाजले तर पारा चढलाच. त्यातून आमच्या आणि समुद्राच्या मध्ये येऊरचे डोंगर. मुंबईकर 'आज काय सुंदर वारा सुटलाय' म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येतो.

असो, केस. केसांना हवेतली ओल कळते, आणि माणसाला कळण्याआधी कळते. सोस्यूर नावाच्या जिनिव्हाच्या एका शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये यावर ग्रंथ लिहिला आणि माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक यंत्र मांडलं. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. अगदी कोरड्यापासून अगदी दमटापर्यंत दोन-अडीच टक्के. पुढे विसाव्या शतकातही वेधशाळांतून केसांच्या बटा हे काम इमानेइतबारे करत होत्या. माझी वेणी साधारण ऐंशी सेंटिमीटर. म्हणजे अकोल्याहून निघून ठाण्याला पोचेपर्यंत ती सेंटिमीटरभर वाढत असणार. नवऱ्याला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्याने खिशातून रुमाल काढला, एका फटक्यात आपलं अख्खं डोकं कोरडं केलं आणि म्हणाला, "बोल."

तेलावरून मात्र घरात दोन पक्ष आहेत. आईंचा पक्ष जुना. शनिवारी रात्री जास्वंद आणि माका घालून उकळलेलं खोबरेल टाळूवर थापायचं, जिरवायचं, रात्रभर ठेवायचं, उष्णता उतरते. बारा वर्षं मी हे मुकाट्याने करत होते आणि बारा वर्षं डोकं खाजत होतं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर तेल नको. कोंड्याला हातभार लावणारी मॅलेसेझिया नावाची बुरशी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच डोक्यावर असते. तेलकट आणि दमट जागा तिला मानवते. मी तिला दोन्ही पुरवत होते. तिने ठाण मांडलं होतं, आणि तेही ठाण्यात.

पण आईही सपशेल हरलेल्या नाहीत. खोबरेलातलं लॉरिक आम्ल बारीक आणि सरळ बांध्याचं असल्याने केसाच्या आत शिरतं. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसातलं प्रथिन धुऊन जाण्यापासून वाचवलं ते एकट्या खोबरेलाने. प्रयोगशाळा तेल विकणाऱ्या कंपनीचीच होती, हेही सांगून ठेवते. केस भिजला की फुगतो, वाळला की बसतो, आणि या रोजच्या फुगण्या-बसण्यानेच तो झिजतो. आधी तेल लावलेलं असलं की पाणी आत जरा कमी शिरतं. म्हणून आता तह झाला आहे. न्हाण्याआधी तासभर, कानाच्या खाली, टोकांपर्यंत तेल. टाळू कोरडी. आईंनी हा तह स्वीकारला, पण सही करताना म्हणाल्या, "कळस सोडून देवळाला रंग."

पाण्याचं काय सांगू? मे महिन्यात सोसायटीत टँकर येतात आणि कुठल्या टँकरचं पाणी बोअरचं आहे ते आमच्या घरी तुरीची डाळ सांगते. पाणी जड असलं की तीन शिट्ट्यांत शिजणारी डाळ सहा शिट्ट्यांनीही टणक. त्याच पाण्याने केस धुतले की हाताला राठ लागतात, कंगवा मध्येच अडतो. मग शेवटचा तांब्याभर पिण्याचं पाणी ओतून घेते, आईंचा डोळा चुकवून.

कामाच्या दिवशी सहाला न्हाऊन सात चाळीसची गाडी. केस वाळवायला माझ्याकडे एकच जागा उरते, लोकलचा लेडीज डबा. दारापासून दोन हात आत उभं राहिलं की मुलुंड सुटल्यावर असा काही वारा लागतो, की घाटकोपरपर्यंत केस निम्म्यावर येतात. मी एकटी नाही. पाच-सहा ओली डोकी तिथे रोज उभी असतात आणि मागून कोणीतरी रोज ओरडतं, "ओ मॅडम, केस आवरा, तोंडात जातायत." मग क्लिपा विकणारी येते, तिच्याकडून वीस रुपयांचा क्लचर घेऊन सगळं वर बांधायचं. एसी लोकलचा पास एकदा काढून पाहिला. दारं बंद, वारा गार आणि कोपऱ्यात. दादरला उतरले ती सर्दी घेऊन. ठाण्याची पहिली गाडी आली तीसुद्धा अशा उन्हाळ्यातच, १६ एप्रिल १८५३ला, बोरीबंदरहून दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी सुटून. चारशे पाहुणे. काही डोक्यांवर पागोटी असतील, काहींवर साहेबी टोप्या. त्या डोक्यांचं आतून काय झालं असेल, याचा विचार माझ्याइतका कोणी केला नसेल.

तर त्या रविवारी तीन वाजता मी उठले आणि हॉलमध्ये गेले. आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असतं, त्यामुळे आईंनी साबुदाण्याच्या पापड्या जुन्या साडीवर, हॉलमध्येच घातल्या होत्या. आणि त्यांच्यासमोर बाबांचा कूलर सुरू होता. पंप केव्हाच काढून टाकलाय, खसचे पडदेही. टाकीत कांदे-बटाटे असतात. पण पंखा अजून असा वारा फेकतो की साडीची टोकं डब्यांनी दाबून ठेवावी लागतात. मी पापड्यांच्या शेजारी, पाठ कूलरकडे करून बसले.

तेवढ्यात बाबांचा फोन. इकडचं तिकडचं झालं आणि मग, दर उन्हाळ्यासारखं, "कूलर चालते ना वं?"

"रोज चालतो बाबा. आत्ताही चालूच आहे."

"पाणी टाकत जाय बरं. पंप सुका फिरला की जळते."

"हो," म्हटलं.

आईंनी एक पापडी उचलून वाकवली. मोडली नाही. ती खाली ठेवली आणि त्याच हाताची दोन बोटं माझ्या मानेपाशी केसांत घातली.

"बस अजून," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे थोडी ओल आहे."