त्सुफेनहाउझेन : एकच ९११, पण किती वेगळी!

९११ ही पोर्शेची स्पोर्ट्स कार, आणि पोर्शेचं म्युझियम आहे जर्मनीत, श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात. श्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनातून एस-६ लोकल पकडायची आणि नॉयविर्टसहाउसला उतरायचं. स्टेशनाच्या नावातच पुढे 'पोर्शेप्लात्झ', म्हणजे पोर्शे चौक, आहे, त्यामुळे चुकायची सोय नाही. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत म्हणे. असतील, पण इथले फुटपाथ काही त्या नात्यातून आपल्याकडे आलेले नाहीत.

चौकात तीन उंच खांब आहेत, सर्वांत उंच २४ मीटरचा. प्रत्येकाच्या टोकावर एक खरीखुरी ९११, तिन्ही वेगवेगळ्या पिढ्यांच्या. मान वर करून पाहत आतेभाऊ म्हणाला, "सगळ्या सारख्याच तर दिसतायत की रे!" तो इथेच नोकरीला आहे, रोज या गाड्या बघतो, तरी हे मत. म्हटलं, चल आत.

आत एक लाल गाडी होती आणि मी तिथेच अडकलो. १९६३च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ही गाडी '९०१' म्हणून आली. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर फ्रान्समध्ये आमचेच, असं प्यूजोने बजावलं आणि शून्याच्या जागी एक आला. तोवर बनलेल्या मोजक्या ९०१पैकी ही ५७ नंबरची. २०१४ साली ब्रँडेनबुर्गमधल्या एका गोठ्यावजा शेडमध्ये ती गंजून पडलेली सापडली, पुढची मडगार्डंही गायब. ती उभी करायला तीन वर्षं लागली.

जवळून पाहिलं की आधी जाणवतो तो तिचा लहानपणा. रुंदी १६१ सेंटिमीटर, वजन १,०८० किलो, मागच्या बाजूला दोन लिटरचं हवेवर थंड होणारं इंजिन, १३० हॉर्सपॉवर. काचेतून डोकावलो तर पाच गोल मीटर, मधला सगळ्यात मोठा आणि तो आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा. स्पीड किती हे त्यांच्या लेखी दुय्यमच! चावी स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला.

९११च्या प्रत्येक पिढीला कंपनीचा वेगळा नंबर असतो. २०१९ची पिढी, म्हणजे ९९२, तिच्यापेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर लांब आहे. वजन दीड टन, साध्या कॅरेरा मॉडेलची ताकद ३८५ हॉर्सपॉवर. आरपीएमचा काटा अजून मधोमध होता, पण दोन्ही बाजूंना स्क्रीन आले, आणि २०२४च्या गाडीत तो काटाही स्क्रीनवर गेला. मला ते अजिबात आवडलं नाही.

पण जुन्याचे गोडवे गाताना एक गोष्ट लोक सोयीस्करपणे विसरतात. इंजिनाचं ओझं मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे, वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की जुनीचं बूड फिरायचं. सुरुवातीच्या काही गाड्यांमध्ये कंपनीने पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत चक्क ११-११ किलोची बिडाची वजनं बसवली होती! पुढे १९६९च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, तेव्हा कुठे जरा ताळ्यावर आली. ९९२ रस्ता ओला आहे हे स्वतःच ओळखून सूचना देते. खंडाळ्यात पावसाळ्यात कोणती हवी, तर नवीच.

मधल्या ९९६ या पिढीबद्दल फार बोलत नाही. १९९७मध्ये हिच्यात इंजिन पाण्यावर थंड व्हायला लागलं. प्रदूषणाचे आणि आवाजाचे नियम कडक झाले होते, एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवायचे तर नुसती हवा पुरेना, म्हणजे कारण पटण्यासारखं होतं. हेडलाइटांना मात्र चाहत्यांनी 'तळलेलं अंडं' म्हटलं ते म्हटलंच.

"मग तुला कुठली?" आतेभावाने विचारलं. ९९३, म्हणजे ९९६च्या आधीची. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची, १९९८पर्यंत बनली. हिच्या मागच्या सस्पेन्शनची मांडणीच बदलली, त्यामुळे शेपटीची ती जुनी खोड बरीच आटोक्यात आली, आणि तरी आवाज तोच, पंख्याचा आणि धातूचा. गाडी अजून अंगासरशी राहिली होती.

जाणार असाल तर सोमवार टाळा, म्युझियम बंद असतं. आणि तिकीट काढण्याआधी प्रवेशद्वाराजवळच्या काचेआड पाहा, तिथे जुन्या गाड्यांचं वर्कशॉप चालतं. आतेभाऊ सगळ्यात जास्त वेळ तिथेच रेंगाळला.