वशिंडाचा प्रश्न

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यातून ते तैलचित्र माझ्याकडे दुरुस्तीला आलं. मागे डोंगर, पुढे ओढ्याकाठी गायी-मेंढ्या, मधोमध तांबूस बैल. सही नाही. धाटणी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय वास्तववादी चित्रांची, बैलाच्या अंगावरचा केसन् केस रंगवलेला.

रंगाचे पोपडे उठले होते. नागपुरात हे दुखणं नेहमीचं. मे महिन्यात पारा 45 अंशांवर, हवा कोरडीठाक, आणि लोक चित्र टांगतात नेमकं कूलरच्या झोतात. कापड दमटपणानं आणि कोरडेपणानं सारखं हलत राहतं, जुना कडक रंग हलू शकत नाही, मग तडकतो. त्यात फ्रेमवाल्यानं मागून प्लाय ठोकून ओल कोंडलेली. या फ्रेमवाल्यांचा मला खरंच संताप येतो.

पोपडे बसवल्यावर अंधार करून अतिनील दिवा लावला. राळेचं जुनं व्हार्निश त्यात हिरवट चमकतं, त्यावर मागाहून लावलेला रंग काळा दिसतो. बैलाच्या खांद्यावरचा उंचवटा काळाकुट्ट दिसला. वशिंड!

युरोपातल्या गुरांना वशिंड नसतंच. फ्रेंच चित्रकार रोझा बॉनरनं 1849 मध्ये रंगवलेली निव्हर्ने भागातली नांगरणी पाहा, बैलांच्या पाठी सरळ आहेत. भिंगाखाली उरलंसुरलं स्पष्ट झालं. मूळ रंगाला गेलेल्या भेगांमध्ये वशिंडाचा रंग उतरला होता. म्हणजे चित्र जुनं होऊन तडकल्यावर कुणीतरी ते चढवलं. आणि हात कच्चा नव्हता! वशिंड मानेच्या बरोबर मागे, थोडं सैल, एका अंगाला कललेलं, थेट आपल्या विदर्भातल्या गवळाऊ जातीच्या बैलासारखं. गुरं जवळून पाहिलेल्या माणसाचंच हे काम.

मालक म्हणाले, "काढून टाका. ओरिजिनल पाहिजे." काढणं अवघड नव्हतं. मध्ये व्हार्निशचा थर होता. कडेला कापसाच्या बोळ्यानं सौम्य द्रावक लावून पाहिलं, तर वरचा रंग सुटत होता आणि खालचा शाबूत होता. पण त्यांच्या वयस्कर आत्याबाई सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते काहाले काढता जी? घरी बैल नव्हते, तं पोळ्याले मी त्याच्यावरच कुंकू लावत होती."

मी पुन्हा भिंग लावलं. ब्रशच्या फटकाऱ्यांच्या खाचांत लाल कण अडकले होते, आणि तेही फक्त वशिंडावर.

मी वशिंड ठेवलं. पिवळं पडलेलं व्हार्निश भोवतीनं पातळ केलं, फोटो काढले, वरचा रंग कधीही काढता येईल असं अहवालात लिहिलं. मालक नाराज झाले. मुंबईचा माझा एक सहकारी म्हणतो, पहिला हक्क मूळ चित्रकाराचा, तू त्याची रेघ झाकून ठेवलीस. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. त्या खांद्याची मूळ वळणं फार सुंदर असणार, कारण शेजारच्या गायीची आहेत. पण वशिंड रंगवणाऱ्याचं दुसरं काहीच उरलेलं नाही, नावसुद्धा नाही. मूळ रेघ व्हार्निशखाली सुरक्षित आहे. वशिंड एकदा बोळ्यावर आलं की संपलं. पुढच्या आठवड्यात मालक दुसऱ्या कुणाकडे जाणार आहेत, असं कळलं. जाण्याआधी त्यांनी तो अहवाल वाचावा म्हणून मी त्यांना पुन्हा फोन करणार आहे.