आमच्या गल्लीतली १४२ नावं

२० नोव्हेंबर २०२५ला पुणे महापालिका निवडणुकीच्या प्रारूप मतदार याद्या जाहीर झाल्या. दोन दिवसांनी शेजारच्या काकूंनी जिन्यातूनच हाक मारली, "अहो, तुमचं नाव सापडलं का? आमच्यापैकी कुणाचंच नाहीये." त्यांच्या मुलाने मोबाइलवर आमच्या प्रभागाची यादी उघडली होती. कोपऱ्यावरचा किराणावाला त्यात होता, समोरची इमारत होती. आमच्या तीन इमारती आणि मागचा जुना बंगला मात्र नव्हता. तासभर शोधल्यावर ती सगळी नावं शेजारच्या प्रभागाच्या यादीत मिळाली, मोठ्या रस्त्यापलीकडच्या वस्तीच्या मधोमध. मी वहीत मोजली. १४२ भरली.

"मत तर देता येणार आहे ना? मग इथे काय नि तिथे काय," असं पहिल्याच संध्याकाळी मला तिघांनी ऐकवलं. मला ते पटत नव्हतं. मी टपाल खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली. शेजारच्या बीटमध्ये, म्हणजे दुसऱ्या पोस्टमनच्या हद्दीत, गेलेलं पत्र हरवलेलं नसतं, पण ज्याचं आहे त्याला ते मिळालेलंही नसतं. आमच्या गल्लीचं गटार, दिवे, कचऱ्याची गाडी हे सगळं एका प्रभागात, आणि आमची मतं दुसऱ्यात. मग आमच्या दारासमोर खड्डा पडला की आम्ही कुणाला विचारायचं? जो आमच्या मताने निवडून आला त्याची ही गल्ली नाही, आणि ज्याची ही गल्ली आहे त्याला आमचं मत नाही.

मी जुन्या वळणाची आहे. वडील शुक्रवार पेठेत राहायचे, जनसंघाचं काम करायचे. निवडणूक आली की गेरू कालवून भिंतींवर पणती, म्हणजे जनसंघाची निशाणी, काढायला आम्हा भावंडांना बरोबर न्यायचे. त्या काळी जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी पुण्यातून आमदार होते. आपण वर्षभरात काय केलं याचा छापील अहवाल ते दरवर्षी मतदारांना देत. वडील तो अहवाल जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवत. मला त्यातलं तेव्हा फार काही कळत नसे. निवडून आलेला माणूस मतदाराला हिशेब देतो एवढं मात्र कळलं, आणि राजकारणाबद्दलचं माझं मत आजही त्याच्यापलीकडे फारसं गेलेलं नाही. घराने आपलं घर सांभाळावं, गल्लीने गल्ली, पेठेने पेठ, आणि वरच्याने खालच्याच्या कामात उगाच हात घालू नये. सरकारच्या खर्चाला आपल्या घरखर्चासारखीच शिस्त असावी. या विचाराला कुणी प्रतिगामी म्हणतं, म्हणू दे.

आणि ही निवडणूक साधी नव्हती. याआधीचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ला झालं होतं. मार्च २०२२मध्ये मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा खटला, बदलत गेलेली प्रभागरचना, तारखांवर तारखा. शेवटी मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा गाडी हलली. महापालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हावी, हे ७४व्या घटनादुरुस्तीने लिहून ठेवलेलं असताना पुण्यासारखं शहर जवळजवळ चार वर्षं नगरसेवकांशिवाय चाललं. पाणी कधी येणार हे विचारायला माणूस नाही, हे त्या काळात ज्यांनी सोसलं त्यांना यादीतल्या एका चुकीचं एवढं काय, असा प्रश्न पडणार नाही.

तर मी क्षेत्रीय कार्यालयात गेले. पहिल्या दिवशी मला वाटलं की सहा नंबरचा फॉर्म भरायचा. टेबलावरच्या मुलाने नीट समजावलं, त्याचे आभारच मानते. सहा, सात, आठ हे नमुने विधानसभेच्या यादीसाठी असतात. सहा नवीन नावासाठी, सात नाव वगळण्यासाठी, आठ दुरुस्तीसाठी किंवा घर बदललं असेल तर. महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोग वेगळी यादी बनवत नाही. १ जुलै २०२५ला असलेली विधानसभेची यादी घेतात आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतात. या टप्प्यावर नवीन नाव घालता येत नाही, जुनं काढता येत नाही. नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेलं असेल, विधानसभेच्या यादीत असून इथून गळलं असेल, किंवा लिहिण्यात चूक असेल, तेवढ्यावरच हरकत घेता येते. आमची हरकत पहिल्या प्रकारात बसत होती.

चूक कशी झाली हे शोधायला मला दोन दुपारी लागल्या. प्रभागाच्या हद्दी २०११च्या जनगणनेच्या प्रगणक गटांवरून, म्हणजे मोजणीसाठी पाडलेल्या छोट्या तुकड्यांवरून, आखतात. मतदार यादीचे भाग वेगळ्या पद्धतीने पाडलेले असतात. एखादा यादी भाग दोन प्रभागांवर पसरला की कोणतं नाव कुठे घालायचं हे कर्मचाऱ्याला पत्ता वाचून ठरवावं लागतं. आणि आमचे पत्ते काय होते? फक्त सर्व्हे नंबर. तो सर्व्हे नंबर मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. चाळीस वर्षांपूर्वी इथे शेतं होती तेव्हाचा तो आकडा. पोस्टमनला गल्ली ठाऊक असते म्हणून पत्र येतं. यादी फोडणाऱ्याने ही गल्ली कधी पाहिलेली नाही, त्याने आकडा पाहिला आणि सगळ्यांना पलीकडे टाकलं. या कामासाठी त्यांना मिळालेले दिवस बघता मला त्या माणसाचा राग आला नाही. चार वर्षं थांबायचं आणि मग चार दिवसांत उरकायचं, याचा आला.

हरकत प्रत्येक मतदाराने आपापली द्यावी, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स जोडावी, असं मला कार्यालयात सांगितलं गेलं. मुदत आधी २७ नोव्हेंबरपर्यंत होती, नंतर ती ३ डिसेंबरपर्यंत वाढली. ती वाढली नसती तर आमचं काम झालंच नसतं.

मी यादी घेऊन घरोघर फिरले. या गल्लीत तीस वर्षं राहूनही मला माझे शेजारी पुरते माहीत नव्हते, हे तेव्हा कळलं. १४२ पैकी ९ जण हयात नव्हते. २७ जण कधीच गेले होते, कुणी लग्न होऊन नाशिकला, कुणी बंगळुरूला, दोन भाऊ अमेरिकेत. त्यातल्या एकाच्या आईने सांगितलं, "मुलाची सही मीच करते, त्याला काय कळतंय." मी नको म्हटलं. जो इथे राहत नाही त्याच्या नावाने हरकत द्यायची नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम होता. नाहीतर आमच्या अर्जांमध्ये आणि बोगस मतदार भरणाऱ्यांच्या अर्जांमध्ये फरक काय?

हयात नसलेल्या नऊ नावांत एक माझ्या यजमानांचं होतं. ते २०२१मध्ये कोविडमध्ये गेले. त्यांचं नाव वगळायचा सात नंबरचा फॉर्म मी कधी भरलाच नव्हता. फॉर्म दोनदा आणला होता, दोन्ही वेळा कपाटात ठेवला होता. यादीत त्यांचं नाव माझ्या नावाच्या आधी, वय छापलेलं, फोटोच्या चौकटीसकट. याद्या शुद्ध हव्यात असं मी लोकांना सांगत फिरत होते, त्यामुळे त्या रात्री बसून तो फॉर्म भरला. या निवडणुकीच्या यादीवर त्याचा परिणाम होणार नव्हता. तरी भरला.

राहिले १०६. त्यातल्या १०१ जणांनी सह्या दिल्या. पाच जणांनी दिल्या नाहीत, आणि त्यांच्यापैकी दोघांनी कारण स्पष्ट सांगितलं: पलीकडच्या प्रभागातला एक इच्छुक त्यांना देवदर्शनाला नेणार होता. बस ठरली होती. मला हे फार लागलं. मी दर वर्षी आळंदीला जाते, पायी. तीर्थाला आपल्या कमाईने जायचं असतं, कर्ज काढून किंवा दुसऱ्याच्या उपकारावर नाही, असं आमच्या घरात आजीपासून सांगत आले आहेत. धर्माचं नाव घेणारे लोकच जेव्हा देवाच्या दाराशी मताचा सौदा करतात, तेव्हा धर्म मानणाऱ्यांनी सगळ्यात आधी बोलायला हवं.

३० तारखेला संध्याकाळी एक कार्यकर्ता घरी आला. ओळखीचा, चांगल्या घरातला मुलगा. चहा घेतला आणि म्हणाला, "काकू, तुमच्या गल्लीची मतं कुणाची असतात हे सगळ्यांना माहितीये. पलीकडे आपल्याला शंभर मतांची फार गरज आहे. इकडची जागा तशीही येतेय. राहू द्या ना ते अर्ज." त्याने जे सांगितलं ते हिशेबाने बरोबर होतं. मी ज्या विचाराला आयुष्यभर मत दिलं त्याच विचाराचा फायदा व्हावा म्हणून तो बोलत होता. मी त्याला म्हटलं, "अरे, समोरच्यांनी हेच केलं असतं तर आपण रस्त्यावर उतरलो असतो. माझं मत माझ्या पत्त्यावर राहू दे. मग ते कुणाला द्यायचं ते मी बघते." तो गेल्यावर मला झोप लागली नाही. आपल्याच माणसाला नाही म्हणणं परक्याला म्हणण्यापेक्षा जड जातं.

२ डिसेंबरला अर्जांचा गठ्ठा घेऊन गेले. कार्यालयाला सगळ्यांची मिळून एकच पोच द्यायची होती. मी तिथेच थांबले आणि प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक टाकून घेतला. पावणेतीन तास लागले. रजिस्टर टपालाची पोच कशासाठी असते हे मला कुणी शिकवायला नको होतं. पुढच्या आठवड्यात दोन कर्मचारी जागा बघायला आले. त्यांना मी गल्लीच्या दोन्ही टोकांना नेलं, नकाशातली हद्द आणि रस्ता दाखवला, पंचनाम्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींची आणि माझी सही झाली.

अंतिम यादी लागली तेव्हा ८४ नावं परत आली होती. १७ राहिली, सगळी मागच्या बंगल्यातली आणि त्याला लागून असलेल्या इमारतीतली. कारण विचारलं, पण त्या वेळी पुढची कामं सुरू झाली होती आणि मला उत्तर मिळालं नाही.

मग प्रचार. मोफत बस, मोफत मेट्रोचं आश्वासन निघालं. आपल्या पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६०-४० प्रमाणात भरतात. म्हणजे ते तिकीट कुणीतरी काढणारच, फक्त कंडक्टरऐवजी घरपट्टीच्या पावतीवर. दारात आलेल्या प्रत्येकाला मी एवढंच विचारलं की पैसे कुठल्या खात्यातून आणणार. माझ्या आवडत्या बाजूच्या उमेदवारालाही विचारलं. नीट उत्तर एकानेही दिलं नाही, पण एका तरुण मुलीने वहीत प्रश्न लिहून घेतला, ते मला आवडलं.

१५ जानेवारीला मी सकाळी बंगल्यातल्या आजी-आजोबांबरोबर पलीकडच्या प्रभागातल्या शाळेत गेले. आजोबा ८१ वर्षांचे. रस्ता ओलांडायलाच दहा मिनिटं गेली. भिंतीवरची उमेदवारांची यादी त्यांनी चष्मा पुसून वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "यातला मी कुणालाच ओळखत नाही." आणि चार जागांसाठी चार मतं द्यायची होती, प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा: अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा. चारही दिल्याशिवाय मशिनचा आवाज येत नाही. त्यांच्या पुढचे एक गृहस्थ एक बटण दाबून निघालेच होते, त्यांना परत बोलावावं लागलं.

ही चार सदस्यांची पद्धत मला कधीच पटलेली नाही. पुण्यात २००२ला तीनचा प्रभाग होता, २००७ला एकाचा, २०१२ला दोनचा, २०१७ला चारचा. मग पुन्हा तीनचा ठरला आणि निवडणूक होण्याआधीच तो परत चारवर आला. आता ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक, कारण एका प्रभागात पाच आहेत. किती सदस्यांचा प्रभाग करायचा हे राज्य सरकार ठरवतं, आणि जे सरकार येतं ते आपल्या सोयीने ठरवतं, यात आमचं सरकारही आलं. मुंबईत मात्र २२७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. मुंबईकराला एक माणूस बोट दाखवून सांगता येतो, मग पुणेकराला का नाही? ऐंशी-पंच्याऐंशी हजार वस्तीत चार जण, आणि खड्डा चौथ्याच्या वाट्याचा. ऑगस्टमध्ये प्रभागरचनेवर हरकती मागवल्या तेव्हाही मी हेच लिहून दिलं होतं. हा मुद्दा हरकतीच्या कक्षेत येत नाही, असं कळलं. मग कुठल्या कक्षेत येतो?

निकालानंतर पंधरा दिवसांनी मी आमच्या चारही नगरसेवकांना पत्रं पाठवली, प्रत्येकाला वेगळं, रजिस्टर्ड. वर्षाच्या शेवटी आपण काय केलं याचा एक पानाचा लेखी हिशेब द्या, एवढीच मागणी. पोच चौघांची आली आहे. उत्तर एकीचं आलं. ज्यांना मी मत दिलं नव्हतं, त्यांचं.

आणि ते सर्व्हे नंबरचं काम सध्या चालू आहे. आम्हाला मिळालेली दुरुस्ती फक्त या निवडणुकीच्या यादीपुरती. पुढच्या वेळी यादी पुन्हा विधानसभेवरूनच फोडतील, आणि तिथे पत्ता तोच राहिला तर आम्ही सगळे पुन्हा रस्त्यापलीकडे. म्हणून आठ नंबरचा फॉर्म भरून प्रत्येकाच्या पत्त्यात इमारतीचं नाव, गल्ली आणि जवळची खूण घालून घ्यायची. दर रविवारी तीन-चार घरं होतात. आतापर्यंत ३८ झाली. गेल्या रविवारी आजोबांचा फॉर्म भरला. बंगल्याचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं, त्यांनी ते खोडून आपल्या हाताने पुन्हा लिहिलं, आणि खाली कंसात घातलं: चिंचेच्या झाडासमोर.